पाणबुड्याची वळकटी

प्रवासाला निघताना सामान बेताचे घ्यावे, असे सांगणाऱ्यांची आपल्यात वाण नाही. हे सांगणारे गृहस्थ स्वतः निघाले, की त्यांच्यामागे दोन हमाल लागतात, ही गोष्ट वेगळी. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि फडक्यात बांधलेली दशम्यांची चवड, एवढे बरोबर असल्याशिवाय आपले आजोबा पुण्याहून इंदापूरलासुद्धा जात नसत. हे सारे एसटीच्या टपावर चढे, आणि उतरताना त्यात कुणाची तरी कोंबड्यांची पाटी वाढलेली असे.

विमानाने या थाटाला काटा लावला. देशातल्या देशात बहुतेक कंपन्या माणशी १५ किलो सामान विमानाच्या पोटात घेतात आणि ७ किलो हातात नेऊ देतात. त्यापुढे किलोकिलोचे पैसे. या सदरात फराळाचे डबे झाले, लोणच्याच्या बरण्या झाल्या, परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगाही झाल्या. यंदाचा विषय मात्र थोडा उफराटा आहे. पाण्याखाली जायचे सामान आभाळातून कसे न्यावे, हा तो विषय.

हसू नका. विषय समुद्रकाठचा, पण तो निघाला बारामती-इंदापूरकडे. या मुलखाला पाणी ठाऊक आहे ते नीरेच्या डाव्या कालव्याचे, नाहीतर उजनीच्या फुगवट्याचे. बारामतीला धावपट्टी आहे; पण तिकीट काढून बसावे असे प्रवासी विमान तिथून सुटत नाही. म्हणजे समुद्र लांब आणि विमान पुण्याला. तरीही आमची एक पुतणी, माहेरची बारामतीची, सासरची इंदापूर तालुक्यातली आणि नोकरीपुरती पुण्याची, काही वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर तारकर्लीला सहलीला गेली, तोंडात नळी धरून थोडा वेळ पाण्याखाली राहून आली, आणि बिघडली ती बिघडलीच. पुढे रीतसर शिक्षण घेतले, परीक्षा दिली, पगारातून एकेक वस्तू जमवली. माणसे सोन्याची वेढणी घेतात तशी हिने रबराची पायताणे घेतली. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हे सगळे घेऊन ती अंदमानला निघाली.

निघण्यापूर्वी ती दोन दिवस सासरी होती, आणि आम्हीही काही कामाने तिथे होतो. ओसरीवर सतरंजी टाकून तिने आपला संसार मांडला होता. काळा रबरी अंगरखा, बदकाच्या पायांसारखी दोन लांब पायताणे, डोळ्यांचा आणि नाकाचा एकच असा काचेचा मुखवटा, चार नळ्या फुटलेला एक चकचकीत धातूचा गोळा, आणि पट्ट्यापट्ट्यांचे एक जाडजूड जाकीट. शेजारची पोरे दारात दाटली होती. सासूबाई चकल्यांचा घाणा अर्धा टाकून पुन्हा पुन्हा बाहेर येत होत्या.

सासरे खुर्चीत बसून बघत होते. त्यांचे मूळ गाव भीमेच्या काठचे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. घर, चिंच, नदीचा घाट, सगळे फुगवट्याखाली गेले आणि मंडळी वरच्या अंगाला नव्या गावठाणात येऊन राहिली. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "आमच्या गावाला पाण्यानं न विचारता खाली नेलं. आन् तू पैसे भरून खाली जातीस!"

"मामा, मी परत वर येते ना," पुतणी म्हणाली. तिकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायची रीत आहे.

सासूबाईंच्या मनात निराळेच होते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी नाव वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पाण्यात उतरून शोध घेत होते आणि काठावर गावेच्या गावे उभी होती. त्या दिवसापासून या घरात पाणी हा शब्द जरा हळू आवाजात निघतो. तेव्हा सुनेच्या या छंदाला त्यांचा उघड विरोध नव्हता, पण ओठ मिटलेले होते.

"टाकी कुठाय? ऑक्सिजनची?" मामांनी विचारले.

इथून खरा विषय सुरू होतो. पहिली गोष्ट अशी, की पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो. वर्तमानपत्रांतसुद्धा ही चूक नेहमी दिसते. त्या टाकीत असते ती तुमच्या-आमच्या अंगणातली साधी हवा, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन घेऊन कुणी ६ मीटरांच्या खाली गेला, तर तोच प्राणवायू विषासारखा बाधतो आणि झटके येऊ शकतात. हवा भरतात ती मात्र भलत्याच दाबाने. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या नव्वदपट म्हटले तरी चालेल. सुमारे २०० वातावरणांचा दाब. एवढ्या दाबाची हवा थेट तोंडात घेता येत नाही. ती हवी तेव्हा, हवी तेवढी आणि भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने देणारी झडप १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या जोडीने बसवली. महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां यांनी एक झडप तयार केली होती. तिचेच हे पाण्यातले रूप. आज समुद्राखाली जाणारे लाखो हौशी लोक मूळ त्या मोटारीच्या झडपेवर श्वास घेतात. चार नळ्यांचा तो चकचकीत गोळा म्हणजे हाच रेग्युलेटर.

टाकी मात्र पुतणीच्या सामानात नव्हती, आणि कुणाच्याही सामानात नसावी. भरलेली टाकी घेऊन विमानात चढू देतच नाहीत. रिकामी न्यायची, तर वरची झडप पुरी काढून, आत काही नाही हे डोळ्यांना दिसेल अशी उघडी न्यावी लागते, आणि तेही कंपनीला आधी विचारून. शिवाय नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी रिकामीच १४ किलोंच्या घरात जाते. घरच्या सिलिंडरमधला गॅस १४.२ किलो, तेवढे हे नुसते भांडे! पंधरा किलोंतले चौदा तिने खाल्ले, तर उरलेल्या एका किलोत काय न्यायचे, मुखवटा की टूथब्रश? म्हणून शहाणे पाणबुडे टाकी जिथे उतरायचे तिथेच भाड्याने घेतात.

शिशाचेही तसेच. माणसाचे शरीर आणि वर तो रबरी अंगरखा पाण्यात तरंगू पाहतात, म्हणून कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात. कुणाला चार किलो, कुणाला आठ. नव्या उत्साहात लोक ही वजनेही विकत घेतात आणि बॅगेच्या तळाशी घालतात. विमानभाडे भरून शिसे फिरवायला नेण्यासारखा दुसरा आतबट्ट्याचा व्यवहार नाही. समुद्र सगळीकडे आहे आणि त्याच्या काठाला शिसेही आहे.

मग न्यायचे काय? पुतणीचे गणित साधे होते. जे अंगाला मापाने बसायला हवे आणि ज्यावर जीव टांगलेला आहे, ते आपले. जे कुणाचेही चालेल, ते भाड्याचे. मुखवटा स्वतःचा, कारण प्रत्येकाच्या नाकाची ठेवण वेगळी, आणि परक्या मुखवट्यातून पाणी झिरपायला लागले की पाण्याखालच्या सौंदर्याकडे कुणाचे लक्ष जाणार! रेग्युलेटर स्वतःचा, कारण त्याची दुरुस्ती-तपासणी केव्हा झाली ते आपल्याला ठाऊक असते. मनगटावरचा संगणक स्वतःचा. किती खोल गेलो आणि किती वेळ होतो याचा तो हिशेब ठेवतो, आणि असला हिशेब दुसऱ्याच्या वहीत नसावा.

या तीन वस्तू तिने हातातल्या पिशवीत घातल्या. रेग्युलेटर दोन-तीन किलोंचा होतो. म्हणजे ७ किलोंतला मोठा वाटा गेला. पण पोटातले सामान कसे फेकले जाते ते आपण खिडकीतून पाहतोच. असल्या नाजूक झडपेला तो मार नको. नळ्यांना तीक्ष्ण मोड पडू न देता सैल वेटोळे करून, वर एक टॉवेल गुंडाळून तिने तो पिशवीत सगळ्यांत वर ठेवला. वर का? तर तपासणीच्या यंत्रात नळ्या, गोळे आणि घड्याळ असा देखावा दिसला, की तपासणारा माणूस पिशवी उघडायला सांगणारच, आणि ते त्याचे कामच आहे. वर असले की दोन मिनिटांत दाखवून मोकळे होता येते. तळाशी असले तर सगळा संसार परक्या टेबलावर मांडावा लागतो. बरोबर आपले पाणबुडेपणाचे ओळखपत्र ठेवावे. पुष्कळ वेळा तेवढे पाहूनच तपासणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि तोच विचारू लागतो, "खाली शार्क दिसतो का हो?"

चाकूची गोष्ट वेगळी. पाणबुडे जाळ्यात अडकले तर दोर कापायला एक छोटा चाकू ठेवतात. तो हातातल्या पिशवीत सापडला तर गेलाच म्हणून समजा. त्याचे पाते म्यानात घालून, वर कापड बांधून तो पोटातल्या सामानात.

दिव्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे भलेभले फसतात. पाण्याखालचा दिवा फार प्रखर असतो, आणि भोवतीच्या पाण्याने तो थंड राहतो, या हिशेबाने केलेला असतो. असा दिवा बॅगेत कपड्यांच्या घडीत धक्क्याने पेटला, तर पाणी नाही, वारा नाही. तो तापतच जातो. म्हणून त्याची बॅटरी काढूनच तो बांधायचा, आणि जास्त ताकदीचा असेल तर कंपनीला आधी कळवायचे. सुट्या लिथियम बॅटऱ्या पोटातल्या सामानात कधीही नाहीत. त्या हातात, आणि टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला अडचण येत नाही. १०० ते १६० पर्यंतच्या असतील तर कंपनीच्या संमतीने सुट्या दोनच. कारण सरळ आहे: माणसांत बॅटरी पेटली तर कुणीतरी बघते आणि विझवते, विमानाच्या पोटात बघायला कुणी नसते.

एवढ्यात सासूबाई डबा घेऊन आल्या. तिखटमिठाच्या शंकरपाळ्या, चिवडा, आणि "तिकडं मिळायचं नाही" म्हणून एक सुक्या खोबऱ्याची वाटी. पुतणीने डबा घेतला आणि वाटी हळूच बाजूला ठेवली. सासूबाईंना वाईट वाटले. खोबऱ्यात कसला आलाय धोका? पण आहे. सुके खोबरे तेलकट, ते कोंडून राहिले तर आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकते, म्हणून मालवाहतुकीच्या जगात त्याची गणना धोक्याच्या पदार्थांत होते आणि आपल्याकडे विमानाच्या सामानात ते नेऊ देत नाहीत. फटाके, फुलबाज्या तर पोटातही नाहीत नि हातातही नाहीत. दिवाळीत विमानाने माहेरी निघालेल्या लेकींनी हे ध्यानात ठेवावे. भाच्यासाठी घेतलेली लवंगी माळ विमानतळाच्या दारातच राहील, आणि वर चौकशीला तोंड द्यावे लागेल ते वेगळेच.

जाकिटाच्या आत हवेची पिशवी असते. मागच्या वेळचे कपभर पाणी त्यात राहिलेले असते आणि ते नेमके कोरड्या कपड्यांवर सांडते. ते उलटे करून निथळायचे, हवाही काढून टाकायची. घाट चढताना चिवड्याचे बंद पाकीट फुगते ना, तशीच ती पिशवी उंचावर फुगते. रबरी अंगरखा घडी न घालता गुंडाळायचा, घडीवर तो कायमचा मोडतो. पायताणांच्या पोकळीत मोजे, मुखवट्याची रिकामी पेटी, असे करत करत बॅग भरली. घरात कांद्याच्या पोत्यांचा ताणकाटा होता. मामांनी तो तुळईला अडकवला आणि बॅग तोलली. १३ किलो आणि वर थोडे. शंकरपाळ्यांना जागा होती.

आता परतीची गोष्ट, आणि आमच्या मते या सगळ्या प्रकरणात तीच महत्त्वाची. बांधाबांध करताना लोक जाण्याची करतात. पाणबुड्याने आधी परत येण्याची करायला हवी.

झाले होते असे. पुतणीने परतीचे तिकीट धनत्रयोदशीचे काढले होते. सासूबाईंच्या मनात सून वसुबारसेला घरी असावी असे होते; गाय-वासराची पूजा या घरात मोठ्या हौसेने होते. आईचे मन राखायला मुलाने बायकोला न विचारता तिकीट एक दिवस अलीकडे ओढले आणि घाणा चालू असताना कौतुकाने ते जाहीर केले. पुतणीचा चेहरा उतरला. "अहो, माझा कोरडा दिवस होता तो," ती म्हणाली.

कोरडा दिवस म्हणजे दारूबंदीचा नव्हे. तो समजायला गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी दाबेपर्यंत आतले पाणी कसे शांत दिसते! वायू त्यात दाबून विरघळवलेला असतो. गोटी दाबली, दाब सुटला, की सारा वायू बुडबुड्यांनी उसळतो. आपण घेतो त्या हवेच्या पाच भागांतले जवळजवळ चार भाग नायट्रोजन. एरवी तो आला तसा जातो. पण पाण्यात १० मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो, २० मीटरांवर तिप्पट, आणि त्या दाबाने नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. हळूहळू वर आले, की तो श्वासावाटे हळूहळू सुटतो. पण पुरता सुटायला कितीतरी तास लागतात. समुद्राच्या काठावर हसतखेळत नारळपाणी पिणाऱ्या पाणबुड्याच्या अंगात तो अजून शिल्लक असतो. बाटलीची गोटी अजून जागेवर आहे, एवढेच.

अशा माणसाला विमानात बसवा. विमान ३५,००० फुटांवर उडते आणि आतली हवा दाबून ठेवलेली असते हे खरे, पण ती जमिनीवरच्याइतकी दाट नसते. सुमारे २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावी इतकी ती विरळ होऊ शकते. आपले कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. म्हणजे खुर्चीत पट्टा बांधून बसल्या बसल्या तुम्ही कळसूबाईच्याही बरेच वर गेलात. दाब उतरतो आणि अंगातल्या बाटलीची गोटी दाबली जाते. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात. फुगे मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडतात, क्वचित प्राणावरही बेतते.

हा रोग विमानापेक्षा जुना आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये घालताना मजूर नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेच्या कोठ्यांत काम करीत आणि वर आले की वेदनांनी वाकून जात. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली याच रोगाने अंथरुणाला खिळला, आणि त्याची पत्नी एमिली हिने त्याचे निरोप पोचवत १८८३ पर्यंत पूल पुरा करवून घेतला. पुढे ब्रिटिश नौदलासाठी हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने शेळ्यांना दाबाच्या कोठडीत ठेवून, त्यांना किती वेगाने बाहेर काढले म्हणजे त्या पाय उचलून लंगडत नाहीत, याची मोजणी केली आणि १९०८ साली पाणबुड्यांसाठी वर येण्याची कोष्टके छापली. आज पुतणीच्या मनगटावर जे यंत्र आहे, त्याच्या हिशेबाचे मूळ त्या शेळ्यांपाशी आहे.

किती थांबायचे, याचाही हिशेब आहे. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेचे काम करणारी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते: एकच साधी बुडी असेल तर विमानापूर्वी निदान १२ तास, दिवसाला अनेक किंवा लागोपाठ काही दिवस बुड्या असतील तर निदान १८ तास, आणि वर येताना मधे थांबे घ्यावे लागतील अशा खोल बुड्या असतील तर त्याहूनही पुष्कळ जास्त. बहुतेक जाणकार फार घासाघीस न करता अख्खा दिवस सोडून देतात. चोवीस तास. तोच कोरडा दिवस.

पुतणीने हे सगळे ओसरीवर सांगितले, सोड्याच्या बाटलीसकट. वर म्हणाली, "असू दे, मी शेवटच्या दिवशी पाण्यात उतरत नाही. बाकीच्या जातील." सहा महिने पैसे साठवून निघालेल्या मुलीने हे म्हणणे सोपे नव्हते. आणि खरी भीती ती नव्हतीच. तिथे गेल्यावर, निळे पाणी समोर असताना, मैत्रिणी टाक्या चढवत असताना, "एकच बुडी, उथळच" असे म्हणायला किती वेळ लागतो? अपघात असेच होतात.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आत गेल्या, घाण्याखालचा जाळ कमी केला, बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तिकीट होतं तिथं ने माघारी. गाईची पूजा मी करीन. ती दुसऱ्या दिवशी आली म्हणून गाय काय रुसत नाय."

कंपनीने तिकीट बदलायचे पैसे घेतले. ते मामांनी दिले.

त्या कोरड्या दिवसाचा तिने काय उपयोग केला, तेही सांगतो, कारण बांधाबांधीशी त्याचा संबंध आहे. समुद्राचे पाणी मुरलेला रबरी अंगरखा काही किलोंनी जड होतो. जाताना १३ किलोंची बॅग येताना अठराची होते ती अशी. शिवाय मीठ झडपा आणि चेना खाते. तेव्हा शेवटच्या बुडीनंतर सारे सामान गोड्या पाण्यात बुचकळून काढायचे, जाकिटाच्या आतूनही पाणी फिरवायचे, आणि सावलीत वाळवायचे. उन्हात रबर तडकते. रेग्युलेटर धुताना त्याच्या तोंडाचे झाकण आधी कोरडे करून घट्ट बसवायचे आणि हवेची कळ दाबायची नाही, नाहीतर पाणी नेमके आत शिरते. हे वाळायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ अंगातला नायट्रोजन सुटायला लागतो. सामान दोरीवर आणि मालकीण खुर्चीवर, दोघेही बरोबरच वाळतात. एकाच दिवसात दोन कामे होतात, आणि तरीही लोक तो दिवस वाचवायला बघतात!

सकाळी दोरीवर सामान टाकून ती पोर्ट ब्लेअरला, २०२४ पासूनच्या नव्या नावाने श्री विजयपुरमला, सेल्युलर जेल बघायला गेली. सातांपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत. सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत तिथे होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी अंदमान म्हणजे काळे पाणी, गेला तो गेला; आणि तिथल्या विमानतळाला आज सावरकरांचेच नाव आहे. पुतणीने तिथून मामांना फोन केला. मामा फोनवर फारसे बोलत नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "वाळलं का सगळं?"

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ती इंदापूरला पोचली. मामांनी दुसऱ्या दिवशी मनातली गोष्ट काढली. उजनीचे पाणी फार खाली गेले, की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. लोक नावेने बघायला जातात. एरवी ते पाण्यातच असते. "तुझं ते सामान घेऊन खाली जाऊन बघता येईल का गं? आमच्या गावाचंही काय राहिलंय का ते?" पुतणीने नाही म्हटले, आणि आमच्या मते बरोबर म्हटले. फुगवट्याचे पाणी गढूळ, हातभर पलीकडचे दिसत नाही. खाली मासेमारीची जाळी, बाभळींचे खोड, पडक्या भिंती. आणि हा जलाशय भरलेला असतो तेव्हा त्याची पातळीच समुद्रापासून सुमारे ४९७ मीटर उंच. ३०० मीटरांच्या वरच्या पाण्यात बुडी मारायची तर समुद्रकाठची कोष्टके चालत नाहीत, निराळी लागतात. हौशी माणसाचे ते पाणी नव्हे. मामांनी मान हलवली. मग तिने अंदमानात काढलेली छायाचित्रे दाखवली, आणि ते बराच वेळ एकेक बघत राहिले. पाण्याखाली इतका उजेड असतो, हे त्यांना खरे वाटेना.

जाता जाता, ज्यांना अंदमान परवडत नाही आणि सुटीत मोटारीने मालवणला जायचे आहे, अशा बारामती-इंदापूर-पुण्याकडच्या मंडळींसाठी. पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्याने घरून काहीच न्यायला नको, टॉवेल सोडून. तारकर्ली-मालवणला सामान मिळते आणि शिकवणारा माणूस हात धरून उथळ पाण्यात नेतो. फक्त दमा, हृदयविकार, कानाचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि सर्दी असेल तर काठावरच बसा. परत आल्यावर दोनचार दिवसांत सांधे दुखू लागले किंवा मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगायचे, की मी पाण्याखाली जाऊन आलो. नाहीतर ते बिचारे गाडीत अवघडल्याचे औषध देतील. या रोगाला ऑक्सिजन आणि दाबाची कोठडी लागते. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात या शास्त्राचे जाणकार आहेत.

आणि घाट विसरू नका. आपण विमानाने कुठे चाललोय, असे मोटारवाल्यांना वाटते. मालवणहून आंबोलीने वर आलात तर दोन-तीन तासांत समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर चढता, आणि पुढे कोल्हापूर, सातारा, फलटण करीत घरी पोचलात तरी ५०० मीटरांच्या आसपास राहता. विमानासाठीचा थांबण्याचा नियम धरला आहे तो २,००० फुटांपासून, म्हणजे ६०० मीटरांच्या थोडे वरून. आंबोली त्यात बसते. हात धरून केलेल्या उथळ बुडीला फार घाबरण्याचे कारण नाही, पण ज्यांनी दोन-तीन दिवस लागोपाठ खोल बुड्या मारल्या, त्यांच्या मोटारीलाही कोरडा दिवस हवा. म्हणून क्रम असा लावा: पोचल्याबरोबर समुद्र, आणि सिंधुदुर्ग किल्ला शेवटच्या दिवशी. तिथे चढायचे ते तटाएवढेच असते.